साहेबांची सोबत

गुणवंतराव ऊर्फ भाऊ माजरीच्या कोळसा खाणीतून रिटायर झाले आणि महिन्याभरातच बायनाबाईंनी नवऱ्याला घराबाहेर काढलं. भांडण नव्हतं. उभी नोकरी रात्रपाळीत गेल्यानं भाऊंना दिवसा झोपायची सवय, आणि झोपले की असे घोरायचे की शेजारची संघप्रिया पुस्तक घेऊन बुद्धविहारात जाऊन बसायची.

"जंगलातल्या जनावरायले ऐकवा आता," असं म्हणत बाईंनी भाच्याच्या ओळखीनं त्यांना चिमूरच्या वाटेवरच्या प्राणी उपचार केंद्रात राखणदार म्हणून चिकटवलं.

गुणवंतरावांना हा आरोपच मान्य नव्हता. "मी डोळे मिटून इचार करतो," ते सांगत.

केंद्रात त्यांच्या वाट्याला एक गव्हाणी घुबड आलं. पंख कायमचा निकामी, म्हणून त्याला खोक्यातून नव्या ऐसपैस पिंजऱ्यात हलवलं होतं. आत फांद्या, लपायला लाकडी पेटी, सगळी सोय. पण ते भिंतीकडे तोंड करून बसायचं. कोणी जवळ गेलं की फुत्कारायचं. मांसाचे तुकडे तसेच पडून राहायचे. डॉक्टर रश्मी काळजीत पडल्या.

"साहेब हाय हा," जोडीदार लालसू म्हणाला. "आपल्याशी तोंडानं बोलत नाई."

गुणवंतरावांनी मनधरणी केली. "मलेबी इथी करमत नाई, बापू. पण मी जेवतो ना?" साहेब ढिम्म. शेवटी तेही रागावून, पाठ फिरवून खुर्चीत बसले.

दिवेलागणीला लालसू आला आणि जागीच थबकला. भाऊंची मान मागे पडलेली, तोंड उघडं, घाट चढणाऱ्या डंपरसारखा आवाज. आणि साहेब पुढच्या फांदीवर येऊन, त्यांच्याकडे बघत, निवांत जेवत होते.

त्यानं डॉक्टरांना बोलावून आणलं. "या घुबडांची पिल्लं घरट्यात घोरल्यासारखाच आवाज करतात," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला घरचं वाटलं असेल."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी झोपणं ही गुणवंतरावांची ड्युटी झाली. आणि हुकूम सुटल्यावर झोप कसली येते? ते टक्क डोळ्यांनी घुबडाकडे बघत, घुबड भिंतीकडे. लालसूनं खोटं घोरून पाहिलं, तर साहेब पेटीत शिरले.

अखेर गुणवंतरावांनी आवाज पाडून घरी फोन लावला. "बाई, खरं सांग. मी घोरतो का?"

बाईंनी फोन ठेवला. मग मोबाइलवर एक रेकॉर्डिंग आलं. लेकीला ऐकवायला पुरावा म्हणून बाईंनी ते कधीचं जपून ठेवलं होतं.

ते लावलं. पेटीतून आधी एक पांढरं तोंड डोकावलं, मग अख्खे साहेब बाहेर आले आणि जेवू लागले. गुणवंतराव मात्र पडल्या चेहऱ्यानं आपलाच आवाज ऐकत राहिले.

"हा मी हाय?"

"नाई तं काय वाघ हाय?" लालसू म्हणाला.

हळूहळू रेकॉर्डिंगची गरज सरली. थंडी पडेपर्यंत घुबड गुणवंतरावांच्या चपलेची चाहूल लागताच पुढं यायला लागलं, अगदी त्यांच्या हातातून तुकडा घ्यायला लागलं. भाऊ येताजाता सगळ्यांना ते दाखवत.

मग एका रविवारी बायनाबाई डबा घेऊन बघायला आल्या. घुबडानं त्यांना नीट न्याहाळलं आणि ते पाठ न फिरवता तिथंच बसलं. बाईंना बरं वाटलं असावं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि नवऱ्याची एकेक खोड त्याला सांगायला घेतली. घुबड डोळे मिटून ऐकत होतं. "याले समजते," बाई म्हणाल्या, आणि पुढची सांगू लागल्या.