टेंबे मॅडम आणि सकाळचं रक्त

सुई दिसली की माणूस भडाभडा बोलायला लागतो, म्हणून आमच्याकडे किस्से आपसूक साठले! ऐंशीच्या दशकात मी मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. मालकीण डॉक्टर टेंबे मॅडम. बाई एकदम झकास! टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोनची तपासणी तेव्हा नवीनच होती. आम्ही रक्त घेऊन बर्फात घालून दादरच्या मोठ्या लॅबला पाठवायचो. हे हार्मोन सकाळी जास्त असतं, म्हणून मॅडमचा नियम एकच, रक्त नऊच्या आत.

*

एक गिरणी कामगार रात्रपाळी संपवून आठला थेट आला. मी सुई काढली.

"थांब रे!" मॅडम म्हणाल्या. मग त्याला विचारलं, "तुमची सकाळ कधी होते?"

"झोपून उठतो तीनला."

"मग उठलात की या."

दुपारी लॅब बंद असायची. मॅडम मुद्दाम आल्या, कुलूप काढलं आणि स्वतः रक्त घेतलं. फॉर्मवर लिहिलं, 'वेळ: सकाळ, दुपारी साडेतीन.'

दादरहून फोन आला, "हे काय लिहिलंय?"

"बरोबर लिहिलंय!"

*

घाटकोपरच्या व्यायामशाळेतले दोन दोस्त आले. एकाचे दंड शर्टात मावेनात, दुसरा काडीपैलवान. रिपोर्टात काडीचा आकडा जास्त!

"मॅडम, बाटल्या बदलल्या असतील ना?" दंडवाल्याने विचारलं.

"नावं मी लिहिली आहेत. दोघंही नॉर्मल आहात. हा काय शाळेचा निकाल आहे, पहिला नंबर काढायला?"

*

एका दुकानदाराने हीच तपासणी केली, पण लाजून घरी सांगितलं, शुगर तपासली. बायकोने महिनाभर बिनसाखरेचा चहा पाजला! मॅडम म्हणाल्या, "खरं सांगा, चहात साखर परत येईल."

*

भांडुपच्या एक मालवणी बाई सुनेला तिसऱ्यांदा घेऊन आल्या. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. आता मुलाचं दुसरं लग्न लावणार, असं सुनेसमोरच सांगत होत्या. ती बिचारी खाली मान घालून बाही वर करत होती. मला फार वाईट वाटलं.

मॅडमनी सुई खाली ठेवली. "हिचे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आहेत. आता मुलाला आणा."

"माझो झील? वाघ असा तो!"

"वाघाला म्हणावं, सकाळी आठला ये."

वाघ आला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, आकडा फारच कमी. मॅडमनी त्याला एकट्यालाच आत घेतलं, यावर उपचार असतात म्हणून नीट समजावलं. तो बाहेर आला आणि सरळ म्हणाला, "आये, हिचो दोष नाय. माझ्यात असा."

सून रक्त घ्यायच्या खुर्चीवर टेकली होती. तिला उठवून सासूबाई स्वतः बसल्या आणि मॅडमपुढे हात केला.

"ह्येच्यात माझांच रगत असा. आता माझां तपासा!"