भिकूने वळवलेल्या चपला

न्हाणीमागे नारळाची सोडणं साठत जावीत, तसे हे किस्से माझ्याकडे साठलेत. कधीतरी बाहेर काढायलाच हवेत!

नागावच्या वाडीतलं ते कौलारू घर. गावात त्याला ‘खुळ्यांचं घर’ म्हणत. अंगाने मोठी पण समजेने लहान राहिलेली माणसं तिथे राहायची. त्यांना न्हाऊ-जेवू घालायचं, कामाला लावायचं, ही माझी ड्यूटी. लहान वयात विधवा झाले, सासरी कुणी जेवलीस का म्हणून विचारत नव्हतं. इथे सगळी ‘मावशी, मावशी’ करत मागे यायची. त्या घराचे उपकार फिटायचे नाहीत.

त्यातला भिकू तिशीचा, धिप्पाड, बोलणं अगदी मोजकं. ओटीखालच्या चपला लावणं हे त्याचं काम, त्यानेच ठरवलेलं. घरच्या माणसाच्या चपलांची तोंडं घराकडे, पाहुण्याच्या फाटकाकडे.

माझ्या रोज फाटकाकडे! मी वळवायची, तो परत फिरवायचा. घर चालवणाऱ्या बाई हसायच्या, “मावशी, तुम्ही अजून पाहुण्याच बरं का!” मला राग यायचा. राबायला मी आणि पाहुणीही मीच!

एकदा इन्स्पेक्शनला साहेब आले. निघताना बघतात तो बूट फाटकाकडे तोंड करून तयार. साहेब खूश! “बाई, असा शिपाई माझ्या ऑफिसात नाही हो!”

बाईंनी पदर तोंडाला लावला.

रहाटाचा बैल भिकूच हाकायचा. मात्र मी जाऊन “पुरे रे बाबा” म्हटल्याशिवाय थांबायचा नाही. एक दिवस मी अलिबागच्या बाजारात गेले आणि परतीची एसटी रखडली. येते तर वाडीत तळं! शेजारचे तात्या आपल्या अळवात पोटरीभर पाण्यात उभे.

“मावशे, आदी त्याला थांबव! बैल कवाच बसला. आता ह्योच रहाट ओढतोय!”

तशीच आमची सुशी. हिला कुणाला काय चालतं नि काय चालत नाही, याचा पत्ताच नव्हता. संक्रांतीला बाईंनी गावातल्या सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावलं. करंडा सुशीच्या हातात. ती ओळीने लावत आली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्या कपाळावरही टेकवलं बोट! बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने तर तोंडावर हात ठेवला.

बाई स्वतः विधवा. त्या उठल्या, सुशीसमोर उभ्या राहिल्या. “सुशी, मी राहिले ना गं?”

मी रडतच बाहेर आले. भिकू ओटीवर बसून माझ्याकडे बघत होता. तो उठून खाली उतरला. चपला घालायला वाकले, तर माझ्या चपलांची तोंडं घराकडे! मग काय, आणखीनच रडले.

आणि मग भिकूचा भाऊ आला. मुंबईला गिरणीत होता. वर्षा-दोन वर्षांनी तासभर यायचा. त्याचेही बूट फाटकाकडेच असायचे.

“आता मोठी खोली भेटलीय,” तो बाईंना म्हणाला. “याला घेऊन जातो. लोकं विचारतात, सख्खा भाव बाहेर कशाला ठेवलास?”

भाऊ तो भाऊ, मी कोण अडवणार? भिकूची ट्रंक भरली, पायरीवर आणून ठेवली.

मुंबईच्या लाँचला वेळ होता. भिकूने भावाचा हात धरला आणि त्याला रहाटावर नेलं. थोड्या वेळाने बघते तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भाऊही बैलामागून फिरतोय! लहानपणी बापाच्या वाडीत दोघं असेच फिरायचे म्हणे. मी जाऊन “पुरे रे बाबा” म्हटलं, तेव्हा दोघंही थांबले.

निघायची वेळ झाली. भाऊ बूट घालायला वाकला.

“हे उलटे कोनी ठेवले?”

सुशी दारातून म्हणाली, “उलटे न्हाय. घरच्या मानसाचे हायत ते.”

भिकू त्याच्या शेजारीच उभा होता. भावाने एक बूट उचलला होता. तो त्याने होता तसाच, घराकडे तोंड करून, खाली ठेवला.

“मावशी,” तो म्हणाला, “ती ट्रंक आत न्या. आनि रातच्याला माझंबी पान मांडा.”