लाईन गेली ते बरं झालं

सन २०१४. मी सहासष्ट वर्षांचा होतो. मी काम करायचो ते पांढरकवड्याचं हॉटेल बंद पडलं, तेव्हा मटणाचे पातळ काप करणारी जुनी मशीन मालकाने मला दिली. काप उन्हात वाळवून चान्या करू म्हणून मी ती घरी लावली.

बायको म्हणाली, "घरात हे कायले? विळी मेली काय?"

मी हट्टाने बटण दाबलं. ती काप वेचायला वाकली आणि तिचा पदर पात्यात ओढला गेला. मला घाबरून बटण सापडेना. तेवढ्यात लाईन गेली.

आजही लाईन गेली की मला मशीनच्या तेलाचा वास येतो आणि जीव हलका होतो.

"जिंदगीभर लाईनले शिव्या देल्ल्या ना? आता हात जोडा," पदर सोडवत ती म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मशीन खाटकाला देऊन आलो. "काहून देता, बाबा?" त्याने विचारलं.

म्हटलं, "घरात जागा नाही."