डॉक्टर चूप बसले तेव्हा

निवृत्त होताना आरोग्य केंद्राच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडून परत घेतल्या. किस्से मात्र कोणी मागितले नाहीत. तेल्हारा तालुक्यातल्या त्या केंद्रात मी क्लार्क होतो आणि पुण्याहून आलेले तरुण डॉक्टर गावाला लस पटवून देत होते. किस्से साठणारच!

*

डॉक्टरांनी प्रोजेक्टर लावून गोवरावर पाऊण तास व्याख्यान दिलं. पडद्यावर भोपळ्याएवढा विषाणू!

"काही शंका?"

मागून एक आजोबा उठले. "साहेब, एवढा मोठा जंतू गावात आला असता त कोणाले दिसला नसता काय?"

*

मग ते घरोघर निघाले. एका बाईंना म्हणाले, "तुमच्यासारख्या अडाणी लोकांमुळे साथ पसरते!"

बाईंनी विचारलं, "तुमच्या लेकराले टोचली काय?"

"माझं लग्न व्हायचंय."

"मंग लगन करा, लेकरू होऊ द्या, त्याले टोचा. मंग या!"

*

शेवटी आमच्या शबाना सिस्टर बोलल्या, "साहेब, तुमी सांगूनच राहिले. लोकायले भेव कायचं वाटते, हे बी इचारा. अन् इचारलं का चूप बसा."

डॉक्टर ओपीडीत इतके चूप बसले, की एक पेशंट बाहेर येऊन मला म्हणाला, "बाबूजी, डाक्तरले कोणाले दाखवलं काय?"

*

अशात शेजारच्या गावात गोवर निघाला. आमच्या गावचे गजाननराव बी.एस्सी.; बाकीचं शिक्षण मोबाइलवर चालू. नऊ महिन्यांच्या मुलीला लस द्यायची नाही, असा लेखी नकार द्यायला ते बायको-मुलीसह आले. मी फॉर्म दिला. 'कारण' या रकान्यापाशी ते थबकले.

"जागा पुरत नाही. पुरवणी द्या!"

दिली. फॉर्म बाजूला सारून ते लिहायला लागले.

डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" आणि खरंच गप्प राहिले.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ताप येते म्हनतात."

"येऊ शकतो. आठवड्याभरानं, एक-दोन दिवस. उतरतो. आला तर मला फोन करा."

"अन् गोवर झाला त?"

"तेव्हा 'उतरतो' असं मला छातीठोक सांगता येणार नाही."

तिने वाकून फॉर्म वाचला. "अठी 'पालकाची सही' लिवलं हाय. पालक म्हंजे मी बी ना?"

"तुम्हीसुद्धा."

ती मुलीला घेऊन आत सिस्टरकडे गेली.

गजाननराव दुसऱ्या पुरवणीच्या मध्यावर होते, तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. मान वर न करता ते ओरडले, "कोनाचं लेकरू हाय ते? चूप करा ना, लिवू द्या!"