बटण दाबायला अंगठा लागतो

“काच आपोआप फुटली,” आप्पा तिसऱ्यांदा म्हणाले.

मी जमिनीवर गुडघे टेकून खिडकीखाली उरलेले काचेचे दाणे बघत होते. ही टफन्ड काच. फुटली की तिचे सुरे होत नाहीत, हरभऱ्याएवढे दाणे होतात. पलंगावर माई, म्हणजे आप्पांच्या पत्नी, उशीला टेकून बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आप्पांकडे बघत होत्या.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खिडक्यांच्या कंपनीत मी सर्व्हिसचं काम बघते. खिडकी बसवून झाल्यावर लोक जे काही बोलतात ते ऐकून घ्यायचं, असं ते खातं. पाथर्डी फाट्याजवळचा हा पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट हायवेच्या तोंडावर आहे, म्हणून तिथे डबल ग्लेझ्ड खिडक्या घेतल्या होत्या. एका पल्ल्यात, म्हणजे झडपेत, दोन काचा, दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा, कडेने सील. ट्रकचे आवाज बाहेर राहतात, धूळ बाहेर राहते. आतलं मात्र सगळं आतच राहतं. हे विकताना कोणी बोलत नाही.

या खिडकीची आतली काच गेली होती. बाहेरची शाबूत होती.

टफन्ड काच कधी कधी खरंच आपोआप जाते. बनवतानाच आत एखादा बारीक कण राहिलेला असतो. कोणी हात लावत नाही, आणि एक दिवस ठाप्पकन आवाज होऊन सगळी काच खाली. ते वॉरंटीत बसतं. कोणी मारून फोडली तर बसत नाही. आमच्या साहेबांना तेवढंच हवं होतं.

“मॅडम, मारलीय की आपोआप गेलीय?” ते फोनवर म्हणाले. “आणि एक लक्षात ठेवा. याच घरातनं दोनदा ‘हँडल जाम’ची कंप्लेंट आलीय. दोन्ही वेळा आपली पोरं जाऊन आली. हँडल ओके. म्हातारबुवांना गप्पा मारायला माणूस हवाय, दुसरं काही नाही.”

“बघून सांगते,” म्हटलं.

बघितलं, आणि माझं डोकं फिरलं. बाहेरच्या काचेवर आतल्या बाजूने पांढरा ओरखडा होता. आतून काहीतरी जड आपटून काच फुटली होती आणि ती वस्तू जाऊन दुसऱ्या काचेला घासली होती. आपोआप फुटलेल्या काचेत असं होत नाही. सरळ खोटं बोलत होते आप्पा. मला खोट्याचा भयंकर राग येतो. काय ते सांगा, काच बदलून देऊ, पैसे लागतील, संपला विषय! मी उठले आणि बोलणार, तेवढ्यात हँडल दिसलं.

हँडलचा रंग उडाला होता. मधलं बटण एका कडेने चेपलं होतं. म्हणजे मार हँडलवरही पडला होता.

हे बटणाचं हँडल म्हणजे काय, ते सांगते. साधं हँडल नुसतं फिरवलं की खिडकी उघडते. याला मूठ धरून अंगठ्याने बटण दाबायचं, दाबून ठेवायचं आणि तसंच फिरवायचं. दोन कामं एकदम. लहान मुलाला ते जमत नाही, म्हणून चाइल्ड सेफ्टीसाठी लोक ते घेतात. या घरात तीन वर्षांचा नातू आहे. सोसायटी बाहेरून ग्रिल लावू देत नाही. म्हणून मुलाने, संदीपने, सगळ्या खोल्यांना हीच हँडलं निवडली होती. निवड चुकीची नव्हती.

मी बटण दाबून हँडल फिरवलं. चेपलेलं असूनही खिडकी उघडली. जाम-बिम काही नव्हतं.

“आप्पा, आता तुम्ही उघडून दाखवा बरं.”

“तुम्हीच उघडा ना. तुमचं काम हाय.”

त्यांचा उजवा हात पायजम्याच्या खिशात होता. मी आल्यापासून तो तिथेच होता. दार त्यांनी डाव्या हाताने उघडलं होतं, आणि कडी काढायला त्यांना बराच वेळ लागला होता.

“अहो, दाखवा आता,” माई म्हणाल्या. “किती दिस लपवणार?”

“हात दाखवून अवलक्षण कशाला?” आप्पा चिडले. पण हात बाहेर काढला.

अंगठा मुळापासून नव्हता. शेजारचं बोट अर्धं.

अंबडमध्ये असे हात नवे नाहीत. चहाच्या टपरीवर उभं राहिलं की दिसतात. आप्पा मूळचे निफाडकडचे, तरुणपणी इथल्या एका प्रेस शॉपमध्ये लागले. पत्र्याला आकार देणारं जड मशीन म्हणजे प्रेस. पत्रा नीट करायला हात आत गेला आणि प्रेस खाली आली. त्यानंतरही त्यांनी नोकरी केली, स्कूटर चालवली, दाढी स्वतः केली. अंगठ्याची सगळी कामं डाव्या हाताने उचलली. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला आणि डावी बाजू गेली. आता ते चालतात, बोलतात, पण डाव्या हातात जोर नाही.

एका हाताला अंगठा नाही, दुसऱ्या हाताला ताकद नाही, आणि खिडकीला बटण.

“जाम आहे म्हणून फोन तुम्हीच केला होता?”

“मंग काय सांगू? अंगठा नाय म्हणून सांगू फोनवर? तुमची पोरं आली, टिचकीसरशी उघडून दाखवली. ‘बाबा, चालू हाय की!’ म्हणाली आन् गेली.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी दुसराच आला, आमच्यावरचा. दोनदा माणसं पाठवली आम्ही, आणि दोन्ही वेळा त्यांनी हँडल तपासलं.

मग माईंनी सांगितलं. त्यांना दमा आहे. संदीप पहिल्या शिफ्टला जातो, सून शाळेत शिकवते, जाताना मुलाला पाळणाघरात सोडते. दुपारपर्यंत घरात हे दोघंच. परवा आप्पांनी गॅसवर दूध ठेवलं आणि विसरले. दूध आटलं, पातेलं जळालं, घर धुराने भरलं. खिडक्या बंद. माईंना धाप लागली. त्यांना उठवेना, त्या नुसत्या हाताने खिडकी दाखवत होत्या.

“ह्ये बटण काय दबंना,” आप्पा म्हणाले. “तळव्यानं दाबलं, कोपरानं दाबलं. दाबलं तर फिरंना, फिरवाय गेलं की बटण सुटायचं. मंग बत्ता आणला. पहिला हँडलवर घातला. मंग काचंवर. येक काच फुटली. मागं दुसरी होती. तिच्यावर मारायला हातात बळच नाय राहिलं. आन् ही अशी निळी पडाय लागली.”



“मग दार उघडलं यांनी,” माई म्हणाल्या. “मला ओढत जिन्यात नेलं. पंप मारला तव्हा श्वास आला.”

पंचवीस खिडक्यांची ऑर्डर असली तरी मला एवढं जड कधी वाटलं नाही. आम्ही बनवलेली खिडकी होती ती, सगळ्या टेस्टमध्ये पास झालेली.

“ताई, संदीपला नका सांगू,” माईंनी हात जोडले. “यांना झटका आला तव्हाच त्यो म्हणाला होता, अजून एकदा काही झालं तर मला लेकीकडे कल्याणला ठेवणार आन् यांच्यासाठी इथं माणूस लावणार. लेकीचं घर दोन खोल्यांचं. दोघांना कुठं ठेवील ती? चाळीस वर्षं झाली हो आम्हाला संगं.”

“पोरगं वाईट नाय,” आप्पा म्हणाले. “भितंय आमच्यापायी.”

आता खरी पंचाईत माझी होती. ‘आपोआप फुटली’ म्हणून लिहिलं तर वॉरंटीत नवी काच येते, हे दोघं सुटतात. आणि हँडल तसंच राहतं. पुढच्या वेळी दूध नसेल, गॅस असेल.

“मी खोटं सांगणार नाही,” म्हटलं. “रागवा हवं तर. पण मी सांगण्याआधी तुम्ही सांगा, आप्पा. तुमच्या तोंडून. खिडकीचं काय ते मी बोलते. संदीप येईपर्यंत मी इथेच आहे.”

आप्पा तोंड फिरवून बसले. माईंनी मला चहा करू दिला नाही, स्वतः उठून केला.

संदीप साडेतीनच्या सुमाराला आला. कंपनीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. मला बघून म्हणाला, “काय मॅडम, वॉरंटीत बसतंय ना?”

“नाही बसत,” म्हटलं आणि आप्पांकडे बघितलं.

आप्पांनी सगळं सांगितलं. दूधही सांगितलं. खाली मान घालून, भरभर. संदीपचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“परवा झालं हे? आणि मला आज कळतंय? आप्पा, माई गेली असती! मी म्हणत होतो ना, तुम्हा दोघांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही? आत्ताच कल्याणच्या ताईला फोन लावतो.”

“फोन लावा,” मी म्हटलं. “पण त्याआधी ही खिडकी उघडा. अंगठा मुठीत धरा आणि उघडा.”

“काय?”

“अंगठा वापरायचा नाही. बाकीच्या बोटांनी उघडा.”

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. पण त्याने अंगठा आत घेतला आणि हँडल धरलं. तळव्याने बटण दाबलं, मूठ सुटली. मूठ धरली, बटण सुटलं. तीस-बत्तीस वर्षांचा, रोज मशीनवर काम करणारा गडी. तीन-चारदा खटपट केली. मग हात तसाच हँडलवर ठेवून उभा राहिला.

“मला आठवतच नाही,” तो हळू म्हणाला. “आप्पांना अंगठा नाही, हे माझ्या लक्षातच नसतं. लहानपणापासून बघतोय. त्यांचं कधी कुठे अडलेलं बघितलंच नाही मी.”

“अडू दिलं असतं तर बघितलं असतंस,” माई म्हणाल्या.

मी गाडीतून सॅम्पलची पेटी आणायला खाली गेले. तिघांना जरा वेळ मिळावा हाही त्यात हेतू होता.

पेटीतली हँडलं पलंगावर मांडली. किल्लीचं बाद, किल्ली चिमटीत धरायला अंगठाच लागतो. आखूड गोल मुठीचं बाद. शेवटी एक लांब, चपट्या दांड्याचं घेतलं. आप्पांनी त्याच्याखाली तळव्याची कड लावली आणि वर ढकललं. “हे जमंल,” ते म्हणाले.

“पण पोराचं काय?” संदीपने विचारलं. “त्यालाही जमेल.”

प्रश्न बरोबर होता. म्हणून आधी रिस्ट्रिक्टर बसवला. हा एक पट्टीसारखा अडसर असतो, त्याने खिडकी चार बोटंच उघडते. हवा येते, मूल जात नाही. पूर्ण उघडायची तर किल्ली लागते, ती संदीपकडे.

मग हँडल. जुन्या हँडलमागचं झाकण आडवं फिरवलं की दोन स्क्रू दिसतात. ते काढले की हँडल बाहेर येतं. त्याच्या मागे एक चौकोनी दांडी असते, ती पल्ल्याच्या आतल्या गिअरमध्ये शिरते आणि कुलपं सरकवते. ही दांडी आखूड पडली तर हँडल नुसतं फिरत राहतं, लांब झाली तर हँडल पल्ल्याला चिकटत नाही. नवीन दांडी लांब होती. हॅकसॉने कापली, बसवली.

“उघडा आप्पा.”

त्यांनी तळवा लावला. ढकललं. हँडल अर्ध्यावर जाऊन अडलं. त्यांनी पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. हँडल हललं नाही. आप्पांनी हात काढून घेतला आणि पुन्हा खिशात घालायला लागले.

“हात बाहेर ठेवा,” मी ओरडलेच. “तुमचं नाही चुकलं. पल्ला ओघळलाय.”

वापराने पल्ला जरा खाली उतरला होता आणि कुलपाचे दात फ्रेममध्ये घासत होते. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. ॲलन कीच्या छोट्या पान्याने पल्ला वर घेतला, कुलपांची घरं सैल केली, तेल दिलं.

“आता.”

आप्पांनी तळव्याची कड दांड्याखाली घातली आणि वर उचलली. खट आवाज झाला. खिडकी चार बोटं उघडली आणि हायवेचा सगळा गोंगाट आत आला.

“पुन्हा करा,” संदीप म्हणाला. त्यांनी पुन्हा केलं. मग माईंना उठवून त्यांच्याकडून करून घेतलं. मग परत आप्पांकडून.

“मंग मला कल्याणला धाडतोस का रं?” माईंनी विचारलं.

संदीपने खिडकी बंद केली. “उद्या स्वयंपाकघरातलं हँडल पण बदलून घेतो,” तो म्हणाला. “सगळ्याच खोल्यांतली.” फोन त्याने खिशातून काढला नाही. मी आवराआवर केली.

काचेचे पैसे त्याने भरले. हँडलांचे आम्ही घेतले नाहीत. साहेब कुरकुरले. त्यांना म्हटलं, दोनदा कंप्लेंट बंद केली ती आपण, आता बोलू नका. त्यांनी बिलावर सही केली.

या धंद्यात खिडकीची उंची, रुंदी, रंग, डावी की उजवी, सगळं विचारून घेतात. आता मापं घ्यायला मीही जाते आणि एक प्रश्न वाढवलाय. “ही खिडकी रोज कोण उघडणार?” ज्याचं नाव येईल त्याच्या हातात हँडल देते आणि फिरवायला लावते. बहुतेक घरांत उत्तर येतं, “ते आत्ता घरी नाहीत, तुम्ही ठरवून टाका.”

मी सांगते, ते आले की मला बोलवा.