पात्याची जाड कड

जुन्या फोटोतलं विमान ओळखायचं तर आधी माणसं झाकायची, ही माझी पद्धत. पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला की टोपीवाले साहेब गायब होतात आणि शेपटी, चाकं, पंख नीट दिसतात. फोटो आणणारे मात्र आजोबांचा रुबाब ऐकवत बसतात. मला आजोबांशी काय करायचंय?

खराडीहून आलेल्या त्या निवृत्त गृहस्थांच्या फोटोत झाकायला चेहराच नव्हता. विमानासमोर उभ्या माणसाच्या मानेवर नुसता पांढरा, फाटका कागद.

"अहो, हे कुणी खरवडलं?"

"आईने. चपलेने."

फोटोतला माणूस म्हणजे त्यांचे वडील, विमानांचे मेकॅनिक. तेव्हा पुढचा पंखा हाताने ओढून इंजिन सुरू करत आणि झटक्यात बाजूला होत. फोटो काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी, याच विमानाचा पंखा ओढल्यावर ते बाहेर पडण्याऐवजी पात्यातच शिरले. कवटी फुटली. शुद्धीतला माणूस असं करेल? प्यायला होता, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून पितृपक्षात कावळ्याला पान ठेवण्याआधी आई फोटोला चपलेने बडवायची. उरलेला राग मुलाच्या पाठीवर निघायचा.

"आई आता नव्वदीला टेकलीय. ती जायच्या आत मला कळायला हवं, बाबा प्यायले होते का."

"फोटोला दारूचा वास येत नसतो," मी म्हणालो. जीभच तशी, काय करणार! ते हसले नाहीत. फोटो ठेवून गेले.

विमान काही केल्या ओळखू येईना. डोक्यावर एकच पंख, गोल इंजिन, बुटकी शेपटी. चार दिवस पुस्तकं उपसली तेव्हा सापडलं. अमेरिकन, आपल्याकडे क्वचितच आलेलं. फोटोत त्याच्या मागे आणखी एक विमान उभं होतं, टायगर मॉथ. तेव्हा आपल्याकडे सर्रास दिसणारं, म्हणजे त्या मेकॅनिकच्या रोजच्या सवयीचं. भिंगातून दोन्हींची पाती पाहिली आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. पात्याची जाड कड हवेत पुढे घुसते. एकाची जाड कड डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. दोन्ही पंखे एकमेकांच्या उलट फिरणारे! हातांनी पंखा बरोबर ओढला असणार, पाय मात्र रोजच्या बाजूला वळले. तिथे पातं खाली येत होतं. अशा सवयीला शुद्धीतला माणूसही बळी पडतो. हे न तपासता मेलेल्याला दारुडा ठरवणाऱ्यांच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, पण त्यांतलं आता कोण उरलंय?

खराडीला जाऊन म्हातारीच्या कॉटपाशी बसलो. दोन पेन्सिली फिरवून तिला सगळं दाखवलं. प्यायले नव्हतेच असं फोटो सांगत नाही, हेही सांगितलं. पण पात्यात शिरायला दारू लागत नाही. तिने पुन्हा पेन्सिली फिरवायला लावल्या. मग कॉटखालची चप्पल उचलून माझ्या गालावर हाणली.

"मेल्या, आत्ता सांगतोस?"

गाल चरचरला. मला रागही आला. तोवर तिने तीच चप्पल स्वतःच्या तोंडावर मारायला सुरुवात केली होती. एक, मग आणखी एक. ओठ फुटून रक्त आलं. मुलाने तिचं मनगट धरलं, तिच्यापुढे खाली बसला आणि पाठ केली.

"स्वतःला नको, आई. मला मार. मला सवय आहे."