पुसलेल्या रांगोळीचा फोटो

मंडळी, जिची ही गोष्ट आहे तिला विचारूनच, पण गावाचं नाव न घेता लिहितेय.

आज सकाळी लोणावळ्याजवळच्या एका गावात, अंगणवाडीत आमच्या संस्थेच्या बैठकीत बायकांनी रांगोळीने गावाचा नकाशा काढला. ज्या घरातली मुलं बापाच्या दारूने घाबरलेली असतात, तिथे चिंचोका ठेवायचा होता. हे बाहेर जाणार नाही, असा शब्द मी दिला. एकीने स्वतःच्याच घरावर चिंचोका ठेवला. नंतर तिच्यासमोर मी रांगोळी पुसली.

त्याआधीच आमच्याच एका सहकाऱ्याने नकाशाचा फोटो काढला होता; दुपारी त्याने तो गावाच्या ग्रुपवर टाकला. जाब विचारला तर म्हणाला, "मॅडम, नाव कुठंय त्यात?"

संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, नवऱ्यानं घर वळखलं. पोरांना घिऊन आईकडं आलेय. तुमी तर पुसलं व्हतं ना?"

पुसलं होतंच. पण आता पुढच्या गावात कुणा बाईच्या हातात चिंचोका कोणत्या तोंडाने देऊ? तुम्ही द्याल?